एका रेघेत किती औषध

गेल्या महिन्यात मी डोंबिवलीला लेकीकडे राहायला गेले होते. तिला मधुमेह आहे. रोज सकाळी जावई तिला इन्शुलिनची सुई टोचतात. काचेच्या नळीवर रेघा आहेत. डॉक्टरांनी सांगितलेल्या रेघेपर्यंत औषध ओढायचं आणि टोचायचं. त्या सकाळी नवी बाटली काढली होती. मी ती हातात घेऊन बघितली. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. संपलेल्या बाटलीवर वीसचा आकडा होता, हिच्यावर चाळीसचा. मी जावयांना विचारलं, हे असं का? ते म्हणाले, कारखान्याचा काही नंबर असेल. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. तर म्हणाले, "आई, औषध तेच आहे. रेघ तीच आहे. उगाच काळजी करू नका."

"औषध तेच आहे" हे शब्द कानावर पडले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बाटली पदराच्या टोकाला बांधली, डॉक्टरांना बोलवायला लावलं आणि ते येईपर्यंत कोणाच्या हाती लागू दिली नाही. डॉक्टर आले. त्यांनी बाटली उजेडात धरून वाचली आणि जावयांना सांगितलं की या बाटलीत तेवढ्याच जागेत दुप्पट औषध भरलेलं असतं. जुन्या रेघेपर्यंत ओढलं असतं तर दुप्पट गेलं असतं. आता निम्म्या रेघेपर्यंतच ओढा. जावई भले आहेत. त्यांनी तिथल्या तिथे चूक कबूल केली. डॉक्टर जाताना मला म्हणाले, "आजी, तुम्हाला बरं सुचलं."

मला ते सुचलं नव्हतं. ठाण्याला, पन्नास वर्षांपूर्वी, मला ते शिकावं लागलं होतं. आणि ज्यांच्यामुळे शिकावं लागलं त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. त्यातलं आता कोणी हयात नाही, म्हणून सगळं लिहायला हरकत नाही.

माझं माहेर कल्याणचं. वडिलांनी मला बाळबोध आणि मोडी दोन्ही शिकवलं होतं आणि हिशेबात मी भावांपेक्षा बरी होते. सासर ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ. मामंजी कचेरीतून शिरस्तेदार म्हणून पेन्शनीत निघाले होते. हेही त्याच कचेरीत कारकून. मी सांगते ते प्लेग यायच्या बरीच वर्षं आधीचं. माझं वय एकोणीस.

मामंजींना प्रमेह, म्हणजे हाच मधुमेह, झाला होता. सारखी तहान, सारखं उठणं. धिप्पाड माणूस, पण वर्षभरात अंगरखा खुंटीला टांगल्यासारखा अंगावर लोंबायला लागला. तेव्हा इन्शुलिन नव्हतं. साखर, भात, गूळ बंद करायचं आणि अफूचा अर्क द्यायचा, एवढाच उपाय डॉक्टरांकडे होता. अर्काने दुखणं बरं होत नसे, पण तहान जरा आटोक्यात राही आणि झोप लागे.

बाजाराच्या बाजूला काही सावकारांनी मिळून काढलेला एक धर्मार्थ दवाखाना होता. आता तो नाही. तिथले डॉक्टर वयस्क होते. ते घरी येऊन मामंजींना तपासून गेले आणि औषध कोण देणार, असं त्यांनी विचारलं. सासूबाईंना डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं डॉक्टर नाक मुरडतील. त्यांनी पिशवीतून काचेचा एक छोटा पेला काढला. त्यावर आडव्या रेघा होत्या. सासूबाईंकडे तोंड करून, पण मला ऐकू जाईल अशा बेताने, ते सांगायला लागले. पेला हातात धरायचा नाही, पाटावर ठेवायचा. आपण खाली बसून डोळे रेघेच्या समोर आणायचे. वरून पाहिलं तर एक दिसतं, खालून पाहिलं तर दुसरं. औषध कडेला जरा वर चढलेलं दिसतं, ते धरायचं नाही, मधलं धरायचं. आधी बाटली हलवायची. सकाळी दोन रेघा, संध्याकाळी दोन रेघा. त्यांनी माझ्याकडून पाणी घेऊन तीनदा करवून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "छान. हिच्याशिवाय कोणी देऊ नका."

त्याप्रमाणे मी सात-आठ महिने औषध दिलं. एकही दिवस चुकले नाही. मामंजींची तहान कमी झाली, ते ओसरीवर बसून पुन्हा वर्तमानपत्र वाचायला लागले. सुनेने सासऱ्यांशी बोलायचं नसे. मी पेला सासूबाईंच्या हाती द्यायची, त्या मामंजींच्या हाती द्यायच्या. मामंजी रिकामा पेला परत देताना तो उजेडात धरून बघत आणि सासूबाईंना म्हणत, "थेंबही राहिला नाही म्हणावं."

माघ-फाल्गुनाच्या सुमाराला ते वयस्क डॉक्टर नोकरी सोडून आपल्या गावी निघून गेले. त्यांच्या जागी तरुण गृहस्थ आले. बूट, टोपी, हातात छडी. आमच्याकडे अजून दोन-तीन दिवसांचं औषध शिल्लक होतं, पण हे नव्या डॉक्टरांना भेटायला म्हणून दवाखान्यात गेले आणि येताना नवी बाटली घेऊन आले. नव्या डॉक्टरांचा निरोप असा की जुनं औषध टाकून द्या, ते शिळं झालं असेल, यातलं उद्यापासून सुरू करा. मात्रा पूर्वीचीच, दोन रेघा.

मी दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. जुन्या बाटलीतलं औषध पातळ चहासारखं, जरा गढूळ. नवीतलं काळपट तांबडं, काच तिरकी केली की कडेला रंग चिकटून राहावा असं. बूच काढलं तर वास नाकात शिरला. जुन्याला वास होता, पण तो जवळ नेल्यावर येई. मी यांना सांगितलं की हे औषध वेगळं दिसतं, एकदा विचारून या. हे कचेरीत जाता जाता विचारून आले. संध्याकाळी टोपी काढता काढता म्हणाले, "औषध तेच आहे. ताजं आहे म्हणून गडद दिसतं. डॉक्टर म्हणाले, बायकांना सांगा रंग बघत बसू नका, मात्रा बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेला पाटावर ठेवून समोर बसले. माझा हात पुढे होईना. दोन रेघा भरायच्या होत्या. मी एक रेघ भरली. वर पाणी घातलं आणि सासूबाईंच्या हाती दिलं. कोणाला काही सांगितलं नाही. मनात म्हटलं, आज कमी गेलं तर बिघडणार नाही, उद्या बघू.

मामंजींनी तोंड वाकडं केलं, कडू आहे म्हणाले, आणि वर्तमानपत्र घेऊन बसले. तासाभराने त्यांची मान पुढे पडली. सासूबाईंना वाटलं डोळा लागला. जेवायची पानं वाढली तेव्हा त्या हाक मारायला गेल्या आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली. मामंजींचे ओठ निळसर दिसत होते. श्वास इतका हळू की दोन श्वासांच्या मध्ये मी आठपर्यंत मोजलं. डोळ्याची पापणी उघडून बघितली तर बुबुळातला काळा ठिपका मोहरीपेक्षाही बारीक झालेला.

शेजारच्या मुलांना कचेरीत पिटाळलं. हे धावत आले, पाठोपाठ नवे डॉक्टर आले. त्यांनी त्यांचं काम केलं, ते मी नाकारत नाही. घशात पीस घालून ओकारी काढवली. कडक कॉफी करायला सांगितली, ती थोडी थोडी पाजली. तोंडावर गार पाणी मारलं. दोघांनी काखेत हात घालून मामंजींना ओसरीवर चालवलं. मान लोंबत होती, पाय फरपटत होते, पण बसू दिलं नाही. चार-साडेचार वाजता मामंजींनी डोळे उघडले आणि "पुरे करा" म्हणाले. तेव्हा सासूबाईंना रडू फुटलं.

मी दाराआड उभी होते. डॉक्टर हात पुसत यांना विचारत होते, औषध कोण देतं? हे म्हणाले, आमच्या घरातून, म्हणजे मी. "किती दिलं?" हे माझ्याकडे वळले. मी काय सांगणार? दोन रेघा म्हटलं तर खोटं. एक रेघ म्हटलं तर सांगितलेलं ऐकलं नाही याची कबुली, आणि वर ते कोणाला पटणार? मी खरं तेच सांगितलं. सासूबाईंमार्फत सांगितलं की एक रेघ दिली.

डॉक्टर हसले. चांगलं मोठ्याने हसले. ते यांना म्हणाले, "एका रेघेने चिमणीलासुद्धा झोप यायची नाही. घाबरून सांगतात हो. चार-पाच रेघा गेल्या असणार. तुम्ही शिकलेले आहात, औषधाचं काम बायकांच्या हाती कसं देता?"

आणि यांनी मान खाली घातली. त्यांनी माझी बाजू घेतली नाही हे मी विसरले नाही. पुढे चाळीस वर्षं आम्ही चांगला संसार केला, पण ती खाली घातलेली मान मला अधूनमधून दिसायचीच. डॉक्टरांनी जाऊन दवाखान्याच्या नोंदवहीत लिहिलं की घरच्या बाईने मात्रा चुकून जास्त दिल्याने रोगी अत्यवस्थ झाला, उपचाराने वाचला. हे मला नंतर यांनीच सांगितलं. सासूबाईंनी रेघांचा पेला उचलून माझ्या हाती लागणार नाही अशा फळीवर ठेवला. शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त मी जवळ आले की मामंजींच्या पांघरुणावरून हात फिरवायला लागत, जसं काही मी त्यांच्यापर्यंत पोचू नये.

तीन दिवसांनी मीठवाली आली. ती बाळकुमची आगरी बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तिच्या घरच्यांचं खाडीकाठी मिठागरावर काम. उन्हाळाभर ती मिठाची पाटी घेऊन आमच्या आळीत यायची आणि पाटी उतरवून मागच्या पडवीत घटकाभर टेकायची. त्या दिवशी मी मीठ घ्यायला भांडं आणलं आणि माझे डोळे बघून तिने विचारलं, काय झालं? घरात तीन दिवस कोणी विचारलं नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. दोन्ही बाटल्या आणून दाखवल्या. जुनी मी टाकून दिली नव्हती, कोठीत तांदळाच्या डब्यामागे लपवली होती. म्हटलं, दोन रेघांच्या जागी एक दिली आणि तरी माणूस मरायला टेकला, मग मोजून काय उपयोग?

ती म्हणाली, "बाय, तांब्या मोजलास, पन पानी कंच्या वाफ्यातला त्ये कुटं बगितलास?"

मला कळेना. तेव्हा तिने समजावून सांगितलं. मिठागरावर खाडीचं पाणी आधी मोठ्या वाफ्यात घेतात, ते उन्हाने आटलं की पुढच्यात सोडतात, तिथून आणखी पुढच्यात. पाणी सगळीकडे पाणीच दिसतं. पण पहिल्या वाफ्यातला तांब्याभर सुकवला तर मूठभर मीठ पडतं आणि शेवटच्यातला सुकवला तर ओंजळी भरतात. तांब्या तोच. कोणी नुसतं तांब्याभर पाणी म्हणालं तर मिठागरावरचं पोरही आधी विचारील, कुठलं. मग तिने दोन्ही बाटल्या उन्हात धरल्या आणि म्हणाली, सुकवून बघ, म्हणजे कळेल कशात किती आहे.

ती गेल्यावर मी सासूबाई झोपल्याचं बघून पाटावर चढले आणि पेला फळीवरून काढला. दोन पांढऱ्या बश्या घेतल्या. एकीत जुन्या बाटलीतली एक रेघ, दुसरीत नव्या बाटलीतली एक रेघ. पेला मध्ये धुऊन, पुसून घेतला. वर मलमलीचं फडकं बांधून बश्या मागच्या अंगणात कडक उन्हात ठेवल्या आणि कावळा येऊ नये म्हणून तिथेच सुपात डाळ निवडत बसले. उन्हं कलेपर्यंत दोन्ही सुकल्या. जुन्या बशीत बोट फिरवलं तर पिवळसर पापुद्रा, असून नसल्यासारखा. नव्या बशीत तपकिरी थर बसला होता, नखाने खरवडला तर चिकट खपली निघाली.

 पण तेवढ्यावर मला थांबायचं नव्हतं. उद्या कोणी म्हणेल, थोडंफार इकडे तिकडे असतंच. दुसऱ्या दिवशी मी तिसरी बशी घेतली आणि जुन्या औषधाची एकेक रेघ तिच्यात सुकवत गेले. एक सुकली की वर दुसरी. दोन पूर्ण दिवस गेले. आठवी रेघ सुकली तेव्हा ती बशी नव्या औषधाच्या एका रेघेच्या बशीशेजारी ठेवली तर रंगाने आणि थराने दोन्ही सारख्या दिसायला लागल्या. म्हणजे जुन्या डॉक्टरांनी एक भाग अर्कात सात भाग पाणी घालून बाटली भरली होती, आणि या शहाण्याने बरणीतला अर्क जसाच्या तसा ओतून दिला होता. मी एक रेघ दिली तेव्हा मामंजींच्या पोटात रोजच्या चौपट गेलं होतं. आणि दोन दिल्या असत्या तर आठपट. त्यांचं ऐकलं असतं तर आठपट.

त्या संध्याकाळी मी बश्या घेऊन सरळ ओसरीवर गेले. मामंजी लोडाला टेकून बसले होते, सासूबाई शेजारी. मी बश्या खाली ठेवल्या आणि सासूबाईंकडे बघत सगळं सांगितलं. कोणती बशी कशाची, किती रेघा, किती दिवस. मध्येच सासूबाई "पुरे" म्हणाल्या. मामंजी म्हणाले, "तिला बोलू द्या." मग त्यांनी तिन्ही बश्या एकेक करून उचलल्या, बोट लावून चाखल्या.  शेवटी ते सासूबाईंना नाही, मलाच म्हणाले, "तू एक रेघ का दिलीस?"

मी म्हटलं, "मला वाटलं ते औषध वेगळं आहे."

"मग मी जिवंत आहे तो तुझ्यामुळे."

लग्न झाल्यापासून मामंजींनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं बोलणं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बैलगाडी मागवली. अंगात त्राण नव्हतं तरी पगडी बांधली. यांना बरोबर घेतलं आणि मलाही घेतलं. बश्या माझ्या मांडीवर होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी मामंजींना खुर्ची दिली. मी दाराशी उभी. मामंजींनी बश्या टेबलावर मांडल्या आणि कचेरीत खटला मांडावा तसं एकेक सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला. ते आत गेले, बरणीवरची चिठ्ठी वाचून आले. बाहेर येऊन यांच्याशी इंग्रजीत बोलले. यांच्याशी, माझ्याशी नाही. नंतर यांच्याकडून कळलं की आधीच्या डॉक्टरांनी रोग्यांसाठी पातळ करून ठेवलेली वेगळी बरणी होती, ती संपली होती, आणि पाणी घालायचं याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं! जुन्या बाटलीकडे एकदा बघितलं असतं तरी दिसलं असतं. मी विचारायला पाठवलं तेव्हा बरणीवरची चिठ्ठी वाचली असती तरी कळलं असतं. मी बाई होते, म्हणून माझा प्रश्न ऐकण्याच्या लायकीचा नव्हता.

डॉक्टरांनी नवी बाटली भरून दिली, सात भाग पाणी घालून. मामंजींची क्षमा मागितली. मग मी तोंड उघडलं. मी मामंजींना म्हटलं, नोंदवहीत माझ्याविषयी जे लिहिलं आहे ते खोडायला सांगा.

डॉक्टर म्हणाले, नोंद एकदा झाली की खोडता येत नाही. मी मामंजींकडे बघितलं. मला खात्री होती की ते आता गरजतील. मामंजी टेबलावरच्या वहीकडे बघत राहिले. तीस वर्षं त्यांनी दफ्तर सांभाळलं होतं. ते हळू म्हणाले, "ते बरोबर आहे. दफ्तरात खाडाखोड चालत नाही."

मी म्हटलं, "मग खाली खरं काय ते लिहायला सांगा. त्याला तर खाडाखोड लागत नाही."

डॉक्टरांनी वही मिटली. हे म्हणाले, चला, मामंजींना ऊन लागेल. गाडीत मामंजी माझ्याशी गोडीने बोलले. म्हणाले, घरात सगळ्यांना खरं माहीत आहे, वही कोण वाचतं? मला ते आजतागायत पटलेलं नाही. वही कोणी वाचणार नसेल तर माझ्यावर खोटं लिहायची तरी एवढी घाई का होती? ज्याने आठपट औषध भरून दिलं त्याच्या अक्षरात मी दोषी, आणि ज्याचा जीव वाचवला त्याला दफ्तराची स्वच्छता प्यारी.

आठवड्याने मीठवाली आली. मी तिला पडवीत बसवलं, ताक दिलं आणि म्हटलं, तुझ्यामुळे माझी मान वर झाली. ती ऐकून घेत होती, पण तिचं लक्ष माझ्या हातातल्या नव्या बाटलीकडे होतं. तिने ती मागून घेतली, बूच काढून वास घेतला आणि म्हणाली, हा नाही, त्या दुसऱ्याचा वास दे. अर्काची बाटली मी मामंजींच्या सांगण्यावरून जपून ठेवली होती. ती तिने हुंगली आणि खाली ठेवली.

मग तिने सांगितलं. तिच्या चुलतसासऱ्याला जुलाब लागले होते. घरातले त्याला पाटीत बसवून त्याच दवाखान्यात घेऊन आले. दवाखान्यातून बाटली मिळाली, चमचाभर दोनदा द्या म्हणून सांगितलं. दोन्ही वेळचं दिलं. जुलाब थांबले, म्हातारा झोपला तो उठलाच नाही. आमच्याकडे बाटली आली त्याच आठवड्यातली गोष्ट. सगळे म्हणाले, वय झालं होतं, निजल्या जागी गेला, पुण्यवान. "त्येच्या बाटलीला असाच वास व्हता," ती म्हणाली. "मी मिठागरावरची बाय, सांगतंय तुना. पन आमी इचारलाच नाय, पानी कंच्या वाफ्यातला."

मी यांना त्याच दिवशी सांगितलं. यांनी विचारलं, त्यांची तक्रार आहे का? बाटली आहे का? बाटली म्हाताऱ्याच्या अंथरूण-सामानाबरोबर खाडीत टाकली गेली होती. मग आपण कशाला पडायचं, असं हे म्हणाले. मी मामंजींकडे गेले. मामंजी मात्र उठून बसले. म्हणाले, अर्ज लिही, मी सही करतो. मी बाळबोधीत अर्ज लिहिला, दवाखाना चालवणाऱ्या पंचांच्या नावे. बाटल्या, बश्या, आठ रेघा, बाळकुमचा म्हातारा, सगळं लिहिलं. बरणीवर आणि रोग्याच्या बाटलीवर अर्क किती आणि पाणी किती ते मराठीत लिहावं, अशीही विनंती घातली. मामंजींनी एक शब्द बदलला नाही. खाली सही केली.

महिन्याने उत्तर आलं, दोन ओळींचं. चिठ्ठ्या लावण्याबद्दल सूचना दिली आहे. बाळकुमच्या रोग्याबाबत दवाखान्याच्या वहीत त्या नावाचा कोणी इसम नोंदलेला आढळत नाही.

आमच्या घरचं पेन्शनदारांचं दुखणं, म्हणून माझी चूक तीन ओळींत लिहून ठेवली होती. पाटीत बसून आलेल्या माणसाला बाटली देताना वही उघडायचीसुद्धा तसदी कोणी घेतली नव्हती. तो कागद हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी होते आणि चुलीवर दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही.

मीठवाली पुढच्या खेपेला आली तेव्हा पावसाळा जवळ आला होता, तिची शेवटचीच खेप. पाटी उतरवायच्या आधी तिने विचारलं, कागदात काय आलं? मी सांगितलं की त्यांच्या वहीत त्याचं नाव नाही. तिने पाटी उतरवली. मग पडवीत बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मंग मी सांगतंय नाव. तू लिव."

मी दौत-लेखणी आणली. तिने चुलतसासऱ्याचं नाव सांगितलं, त्याच्या बापाचं सांगितलं, घर कोणत्या पाड्यात ते सांगितलं, कोणत्या वारी त्याला दवाखान्यात नेला आणि बाटली कोणी हातात दिली तेही सांगितलं. मी जसंच्या तसं उतरवलं आणि खाली तिचा अंगठा घेतला. त्याखाली माझी सही केली. यांना विचारलं नाही. दुसरा अर्ज मी माझ्या हातांनी दवाखान्यात नेऊन दिला.

त्याचं उत्तर आलं नाही. मी वर्षभर वाट बघितली. मामंजी त्यानंतर दोन वर्षं जगले आणि त्यांना औषध शेवटपर्यंत मीच दिलं.